सत्ताविसावी वायर

१

सकाळी सातला चहा, चहानंतर रक्तदाबाची गोळी, मग वर्तमानपत्रातले शब्दकोडे, आणि कोडे सुटो न सुटो, आठच्या ठोक्याला शेड. गेले दोन महिने माझा हा क्रम होता. निवृत्तीनंतरच्या अठरा वर्षांत इतके शिस्तीचे आयुष्य मी जगलो नव्हतो.

शेडमध्ये पिकअप उभी होती. माझ्या थोरल्या भावाची, दादाची. दादा गेल्या वर्षी गेला आणि गाडी माझ्याकडे आली. आली म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणावी लागली. पुढे दोन माणसांची केबिन, मागे पत्र्याचा बंद हौदा, हौद्याला दोन दारे आणि बाहेरून कडी. ती माझ्या नातीला हवी होती. तिने रोपवाटिका सुरू केली आहे, कुंड्या पोचवायला गाडी लागते, आणि जुन्या यंत्रांची हौस तिला आमच्या घराण्यातून मिळाली असावी. माझ्याकडून नक्कीच नाही. मी जन्मभर जुन्या हस्तलिखितांचे पाठ तपासले. एकाच ग्रंथाच्या सात प्रती समोर मांडायच्या आणि मूळ शब्द कोणता असेल ते ठरवायचे, हा माझा व्यवसाय. घरात खिळा ठोकायचा झाला तर बायको शेजाऱ्यांना हाक मारते.

गाडी तपासायला आलेला मिस्त्री माझ्याच वयाचा निघाला. चाळीस वर्षे गाड्यांची वायरिंग केलेला माणूस. त्याचा एक कान पूर्ण गेलेला आहे आणि दुसरा जायच्या बेतात आहे. हॉर्न दुरुस्त करता करता कान गेले, असे तो सांगतो, आणि बायकोचे बोलणे ऐकू न येणे हीच आपली पेन्शन, असेही सांगतो. त्याने बॉनेट उघडले, दोन वायरी चिमटीत धरून वाकवल्या आणि त्यांचे प्लास्टिक त्याच्या बोटांवर चुरा होऊन पडले. इंजिन अजून दहा वर्षे जाईल, त्याचे म्हणणे, पण वायरिंग म्हणजे वाळलेला पाला आहे. सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलल्याशिवाय पोरीला यात बसवू नका.

या गाडीचा तयार हार्नेस आता मिळत नाही. जुन्यावर बेतून नवा करायचा. आणि हे काम घाईचे नसून चिकाटीचे असल्यामुळे, मिस्त्रीने मला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हटले, की ते तुम्हीच करा. प्रत्येक वायर सोडण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधायची, ती कुठून कुठे जाते ते लिहायचे, मग सगळा जुडगा अखंड बाहेर काढायचा, फळीवर पसरायचा आणि वायरीला वायर लावून नवा बांधायचा. मला हसू आले. मला येणारे एकमेव काम तो मला शिकवत होता.

एक गोष्ट सांगायला हवी. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझी स्मरणशक्ती तपासली होती. घड्याळाचे चित्र काढा, शंभरातून सात सात वजा करा, आणि हे तीन शब्द लक्षात ठेवा: छत्री, पूल, लिंबू. पाच मिनिटांनी मला दोनच आठवले. लिंबू जिन्यात आठवले. तेव्हापासून घरात मला कोणी किल्ली देत नाही आणि गॅसजवळ एकटे सोडत नाही. नातीने मात्र सगळ्यांसमोर सांगितले की गाडी आजोबाच दुरुस्त करतील आणि त्यांनी दुरुस्त केलेली गाडीच मी चालवीन. त्या पोरीचा जीव माझ्या हातच्या कामावर चालणार होता. मला चूक करून चालणार नव्हते.

२

गाडीच्या माहितीपुस्तकातल्या वायरिंगच्या तक्त्यात सव्वीस वायरी होत्या. गाडीतून सत्तावीस निघाल्या.

मी तीनदा मोजल्या. हल्ली मी सगळेच तीनदा मोजतो. सत्ताविसावी वायर चॉकलेटी रंगाची होती, आणि तक्त्यात चॉकलेटी रंग कुठेच नव्हता. डॅशबोर्डच्या मागे तिचे एक टोक होते. तिथून ती इतर वायरींच्या जुडग्यात शिरत होती आणि सीटच्या पाठीमागच्या भोकातून हौद्यात जात होती. दोन्ही टोके पकडीने तोडलेली. त्यांवर काळी टेप इतक्या वेळा गुंडाळलेली की बोटाला गाठ लागावी.

मिस्त्रीने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. 'ही कुठून येत नाही, कुठे जात नाही. पाहुण्यासारखी नुसती बसून आहे. नव्यात घेऊ नका.'

कशाची असेल, असे त्याने विचारले. कोण जाणे, असे मी म्हणालो. हे माझे उत्तर मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तो गेल्यावर मी टॉर्च घेऊन हौद्यात चढलो. आत बाहेरच्यापेक्षा गार होते. केबिनच्या बाजूच्या पत्र्यावर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, रंगाखाली दोन बारीक फुगवटे होते. स्क्रूची भोके पुट्टीने बुजवून वर रंग मारला की असे दिसते. मी त्यांवरून बोट फिरवले. ते पाहायची मला गरज नव्हती. ते तिथे आहेत हे मला माहीत होते.

३

नवा हार्नेस मी माझ्या अभ्यासिकेत बांधला. टेबल भिंतीला सरकवून जमिनीवर आठ फुटी प्लायवूड टाकले, त्यावर खिळे ठोकले आणि खिळ्यांच्या आधाराने जुना जुडगा गाडीत होता तसाच पसरला. मधला जाड दांडा, वर हेडलाइटकडे जाणारे दोन फाटे, खाली मागच्या दिव्यांकडे जाणारे दोन. बायको दारात उभी राहून बघत होती.

'पुस्तकं संपली वाटतं. आता तारा वाचायला काढल्यात.' मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, 'काम झालं की यावर चादर टाकत जा हो. दार उघडलं की कोणी झोपलंय असं वाटतं.'

तोवर मला तसे वाटले नव्हते. त्यानंतर दुसरे काही वाटेना.

एकेक वायर मोजायची, तेवढीच नवी कापायची, टोके सोलून त्यांवर लग, म्हणजे जोडणीच्या पितळी कड्या, दाबायचे, चिठ्ठी बांधायची. सव्वीस वायरींना बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी मी चॉकलेटी वायरीसमोर गुडघे दुमडून बसलो. मिस्त्रीने ती गाळायला सांगितले होते आणि त्याचे बरोबर होते. पण मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना एकच गोष्ट बजावत आलो: मुळात असलेला शब्द नको वाटतो म्हणून गाळायचा तुम्हाला अधिकार नाही. संपादकाने पहिला शब्द गाळला की तो खोटा लेखक झाला. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या तावातावाने का सांगत असे, ते कोणी कधी विचारले नाही.

मी बाजारातून चॉकलेटी वायर आणली. जुनीइतकीच कापली, दोन्ही टोके न सोलता टेपने बंद केली आणि जुडग्यात बांधली. ती कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यातून वीज जाणे शक्य नव्हते. तिने नुसते असायचे होते.

दुसऱ्या दिवशी चादर काढली तेव्हा त्या वायरीच्या एका टोकाची टेप नव्हती. टोक सोललेले होते. आतले तांबे पिळून नीट टोकदार केलेले, जोडायला तयार.

मी स्वतःशी तर्क केला. खोलीत मीच येतो. बारा दिवस मी टोकेच सोलत होतो. हात सवयीने हेही करून गेला असेल. माणूस कुलूप लावतो आणि लावल्याचे विसरतो, तसे. डॉक्टरांच्या कागदावर याला नाव आहे. मी टोक पुन्हा बंद केले आणि वहीत तारीख घालून लिहिले: 'सत्तावीस, दोन्ही टोके बंद. मी स्वतः.'

त्यानंतरच्या सकाळी वहीतले अक्षर माझेच होते, आणि टोक उघडे होते.

४

मिस्त्री हार्नेस तपासायला आला. गुडघ्यांना शिव्या देत जमिनीवर बसला आणि फाट्याफाट्यावरून बोट नेत गेला. काम पसंत पडले की तो नाकातून हुंकार देतो. पंचवीस-तीस हुंकार झाले. मग चॉकलेटी टोकापाशी त्याचे बोट थांबले. ही ठेवलीच का तुम्ही, असे म्हणून त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि टोक डोळ्यांजवळ नेले.

'ही दातांनी सोललीय.'

मी विचारले, कशावरून. त्याने प्लास्टिकच्या कडेवरचे बारीक खळगे दाखवले, आणि चावून थोडी लांबवलेली एक बाजू. पूर्वी सगळे असेच सोलायचे, तो म्हणाला, घाणेरडी सवय. मी म्हणालो, उंदीर असेल. तो म्हणाला, उंदीर कुरतडतो; गोल कापून प्लास्टिक ओढून काढत नाही, तांबे पिळून तर मुळीच ठेवत नाही. मग माझ्याकडे बघून त्याला मोठी गंमत वाटली.

'पण गुरुजी, तुम्ही तर रात्री दात वाटीत काढून ठेवता.'

तो स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसत राहिला. मीही हसलो. तो गेल्यावर मी दार लावले आणि त्या टोकावर चादर ओढली, कारण दातांनी वायर सोलणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता.

आम्ही तिघे भाऊ. दादा, मी आणि धाकटा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मला दुसऱ्या गावच्या कॉलेजात नोकरी लागली. बायको पुढे जाऊन घर लावत होती. सामान दादाच्या पिकअपमधून न्यायचे ठरले. दुपारी बारापर्यंत हजर झालो नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती, आणि निघायला उशीर झाला होता. हौद्यात माझे लाकडी कपाट होते, पुरुषभर उंच, आत पुस्तके आणि उसनी आणलेली हस्तलिखिते. कपाट धरून धाकटा आत बसला. त्यानेच महिन्यापूर्वी हौद्यात एक बटण बसवले होते आणि केबिनमध्ये बझर. मधली वायर चॉकलेटी. सोलताना दादा त्याला ओरडला होता, दात पडतील म्हणून. खूण बसच्या कंडक्टरची: एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

दार लावताना मी धाकट्याला सांगितले, 'घट्ट धर. काही झालं तरी सोडायचं नाही.' तो म्हणाला, आत पुस्तकं आहेत की पोरंबाळं? मी कडी घातली.

उताराच्या वळणावर बेल वाजली. एक. दादाने पाय उचलला. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, 'चालव रे. हिसक्याने वाजली असेल.' ती पुन्हा वाजली. पुन्हा. एकूण नऊ वेळा, मी मोजल्या, आणि नववी लांब होती. मग थांबली. मी दादाला म्हणालो, बघ, थांबली आपोआप.

आम्ही पावणेबाराला पोचलो. कपाट कलंडून समोरच्या पत्र्याला टेकले होते आणि मध्ये तो होता. त्याचे दोन्ही हात कपाटाच्या कडांवर तसेच होते. एकही हस्तलिखित खराब झाले नव्हते.

आईला, बायकोला आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला आम्ही सांगितले की बेल वाजलीच नाही. दादाने त्याच संध्याकाळी बझर काढला, बटण काढले, भोके बुजवली आणि वायर तोडली. त्यानंतर आम्ही दोघे भाऊ या विषयावर कधी बोललो नाही. मी संपादक झालो.

५

हार्नेस गाडीत बसवायला चार दिवस लागले. आता चॉकलेटी वायर काढून टाकावी, हे मला कळत होते. पण ती जुडग्याच्या पोटात होती. ती काढायची तर सगळी टेप उलगडायला हवी, आणि कारण सांगायला हवे. मी दोन्ही टोकांना रबरी टोप्या घातल्या, वर टेप, टेपवर दोरा. मिस्त्री म्हणाला, इतकं तर मी बायकोच्या लोणच्याच्या बरणीलाही बांधत नाही.

दुपारी साडेतीनला बॅटरी जोडली. लख्ख ऊन होते. हेडलाइट लागले, इंडिकेटर लागले, हॉर्न वाजला तेव्हा मिस्त्रीने चांगला कान पुढे करून मान डोलावली. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झाले. मी शेजारच्या सीटवर होतो.

टर्र्.

समोरून, डॅशबोर्डच्या मागून. एकदा.

मी मिस्त्रीकडे पाहिले. तो इंजिनाच्या आवाजावर खूश होऊन स्टिअरिंगवर ताल धरत होता. मी विचारले, काही ऐकलंस का? त्याने हात कानामागे धरला. मी पुन्हा विचारले नाही. तिथे बझर नव्हता. चव्वेचाळीस वर्षांपासून नव्हता. मी उतरलो, मागे गेलो आणि कडी काढली. हौदा रिकामा होता, स्वच्छ धुतलेला. परत येऊन बसलो आणि दार ओढून घेतले.

टर्र्.

पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी त्या सीटवर जाऊन बसे. गाडी बंद असताना आवाज येत नसे. मिस्त्री येऊन इंजिन तापवायला सुरू करी तेव्हा एकदा येई, आणि मग मी उतरेपर्यंत मधून मधून. नेहमी एकच. दोन कधीच नाही. मी डॉक्टरांच्या कागदावरची लक्षणे पुन्हा वाचून काढली. नसलेले आवाज ऐकू येणे, त्यात तेही होते, सातव्या क्रमांकावर. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. मला किती बरे वाटले ते सांगता येणार नाही. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू झिजतो, यात भयंकर काही नाही. तो आजार मला हवा होता. दुसरी शक्यता मला नको होती.

तरीही मी नातीला फोन करून म्हणालो, की ही गाडी नको घेऊस. तिने कारण विचारले. मी म्हणालो, कामाची खात्री वाटत नाही. पण मिस्त्रीने तिला आधीच सांगून ठेवले होते की इतके स्वच्छ काम त्याने जन्मात पाहिले नाही. ती म्हणाली, 'आजोबा, तुमचा तुमच्यावर विश्वास नसेल तर राहू दे. माझा आहे ना.'

त्या दिवशी जेवताना मी बायकोला विचारले, तुला धाकटा आठवतो का. ती म्हणाली, आठवतो की. मग हातातला घास ताटात ठेवून म्हणाली, 'तुम्ही त्याचं नाव घेत नाही म्हणून मी घेत नाही.' त्या वेळी मी बोलायला हवे होते. मी ताक मागितले.

६

रविवारी सकाळी नात आली. तिने अंगणात ठेवलेली लोखंडी मांडणी गाडीत चढवायची होती, पाच कप्प्यांची, कुंड्या लावलेल्या. कुंड्या काढून मांडणी आडवी नेऊ या, असे मी सुचवले. दोन तास मोडतील, असे ती म्हणाली. तिला दहाला दुकान उघडायचे होते. गिऱ्हाईक येऊन उभे राहील, उशीर झाला आहे आधीच. तिने आणि मिस्त्रीने मांडणी हौद्यात उभी केली आणि दोन दोऱ्यांनी बांधली. हलवून पाहिल्यावर ती झुलली.

'कोणीतरी धरून बसायला हवं,' नात म्हणाली. 'मी मागे बसते. मिस्त्रीकाका, तुम्ही चालवा.'

ती हौद्यात चढलीसुद्धा. बहिऱ्या माणसाने किल्लीसाठी हात पुढे केला. कडी दाराच्या बाहेर लोंबत होती.

मी तिला खाली उतर म्हणालो. ती हसली. मी पुन्हा म्हणालो, आणि आवाज असा निघाला की बायको ओट्यावर आली. मी सांगितले की मागे मी बसणार आणि गाडी तू चालवायचीस, मिस्त्री नाही, तू. बायको म्हणाली, या वयात काय हे खूळ. मिस्त्रीने खांदे उडवले. नात माझ्याकडे बघत होती, हल्ली सगळे बघतात तसे, काळजीने आणि थोडे चिडून. मग तिने घड्याळ पाहिले.

तेव्हा मला एकच वाक्य बोलायचे होते. बेल वाजली तर थांब. पण ती विचारणार, कुठली बेल? आणि बझर नसलेल्या गाडीतल्या बेलबद्दल मी काय सांगणार होतो, बायकोच्या देखत? मी म्हणालो, 'हळू चालव.'

आत एका उलट्या क्रेटवर मी बसलो, पाठ केबिनच्या पत्र्याला. मांडणीचे पुढचे दोन उभे दांडे हातात धरले. दारे लागली. कडी पडल्याचा आवाज आतून वेगळा येतो, हे मला माहीत नव्हते. दारांच्या फटीतून उजेडाची एक उभी पट्टी पानांवर पडली होती. बाकी अंधार, ओल्या मातीचा वास आणि अंगाला लागणारी पाने.

पहिली पंधरा मिनिटे काही झाले नाही. मी दांडे धरून बसलो आणि मनात हसलोही. मग रस्ता उताराला लागला. एका वळणावर डावीकडची दोरी सुटली आणि सापासारखी माझ्या पायांवर पडली. पुढच्या हिसक्याला दुसरी सुटली. मांडणी माझ्यावर कलंडली.

सगळे वजन मनगटांवर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची मनगटे. वरच्या कप्प्यातली एक कुंडी घसरून खांद्यावरून गेली आणि फुटली. मी एक हात सोडून मागचा पत्रा चाचपला, खांद्याच्या उंचीला. हाताला दोन फुगवटे लागले. मी त्यांवर अंगठा दाबला. मग मूठ आपटली. मग हाक मारली, पण तोंडावर पाने होती आणि इंजिन मोठ्याने चालले होते. माझ्या छातीला चौथ्या कप्प्याची कड लागली. तिथून ती पुढे आली नाही.

मी मान वळवून पानांमधून पाहिले. उजेडाची पट्टी मांडणीच्या पलीकडच्या दांड्यांवर पडत होती. दोन्ही दांड्यांभोवती बोटे होती. मी तीनदा मोजली. चार आणि चार. पेरे पांढरी पडलेली. मागे मनगटे असतील, हात असतील, पण तिकडे उजेड नव्हता आणि मी तिकडे पाहिले नाही.

ते हात मांडणी माझ्यापासून रोखून धरत होते की माझ्यावर दाबत होते, हे मला कळले नाही. दोन्हींत पकड सारखीच असते.

मी जन्मात कधी न केलेले काम तेव्हा केले. त्याचे नाव घेतले. आणि म्हणालो, 'सोड आता. मी सांगतो, सोड.'

बोटे हलली नाहीत.

किती वेळ गेला ते मी मोजले नाही. गाडी थांबली. इंजिन बंद झाले. पावले मागे आली, कडी निघाली आणि दारे उघडली. इतका उजेड आला की डोळे मिटले. उघडले तेव्हा पलीकडच्या दांड्यांवर काही नव्हते. नात रस्त्यावर उभी होती, किल्ली बोटात फिरवत. मी जागेवर आहे हे पाहून तिला बरे वाटले.

'आलो बघा, पाच मिनिटं आधीच. आणि आजोबा, ती बेल छान बसवलीत, पण काहीतरी चुकलंय हं तिचं. उतारावर सारखी वाजत होती.'

किती वेळा, असे मी विचारले.

'काय माहीत. आठ, नऊ. शेवटची तर केवढी लांब. मी थांबणार होते, पण उशीर झाला होता, म्हटलं हिसक्याने वाजत असेल.' ती हौद्याजवळ आली. 'मग थांबली आपोआप. अहो, सोडा ना आता. पोचलो आपण.'

माझी बोटे दांड्यांवर आवळली होती. ती एकेक करून उलगडावी लागली. मी दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

दोऱ्या माझ्या पायांशी पडलेल्या होत्या. मांडणी माझ्यावर तशीच कललेली होती, आणि पडत नव्हती.